वाचक विचारतात : हद्दीचा दगड कुणी रोवला?

मोठी राज्ये बुडाल्यावर मागे काय उरते आणि त्यातून पुढची भांडणे कशी उभी राहतात, या विषयावर महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतली काही निवडून उत्तरे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

मराठी-कन्नड वाद शेकडो वर्षांचा आहे, असे आमच्याकडे दोन्ही बाजूंची माणसे छातीठोकपणे सांगतात. खरे आहे का? आणि राज्य बुडते एका शतकात, भांडण उपटते दुसऱ्याच शतकात, हे कसे? (वाचक, खानापूर)

वाद शेकडो वर्षांचा नाही. तुमच्या तालुक्यातली हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती रट्ट राजांच्या काळातली, १२०४ सालची. या आधारावर ‘हा मुलूख मुळात कन्नड’ असे म्हटले जाते. मग श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे मराठी वाक्य आहे, त्याचे काय करायचे? कोल्हापूर-सोलापुराकडे कन्नड शिलालेख सापडतात, त्यांचे काय? शिलालेखावरून राज्याची हद्द ठरवायला गेलो तर दोन्ही राज्ये एकमेकांच्या पोटात शिरतील. शिलालेख कोरवून घेणाऱ्याची किंवा त्याच्या आश्रयदात्याची भाषा सांगतो. शेजारच्या शेतातला माणूस घरी काय बोलत होता, हे तो सांगत नाही.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. जुन्या राज्यांत जमिनीवर रेघ नव्हती, हक्कांचे थर होते. विजापूर १६८६ मध्ये औरंगजेबाने घेतले. मोगलांची पकड सुटू लागल्यावर १७१९ च्या सनदांनी शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाईचा आणि सरदेशमुखीचा हक्क मिळाला. म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि वर शेकडा १० सरदेशमुखी. त्याच गावावर मोगल अंमलदाराचा किंवा नवाबाचा उरलेला हिस्सा, देसायाचे वतन, एखाद्या मठाचे किंवा मशिदीचे इनाम, कुलकर्ण्याचा हक्क. एका गावाच्या ज्वारीवर पाच-सहा हात. हे गाव ‘कुणाचे’, असे कुणी विचारलेच नसते. ‘कुणाचा किती’ एवढेच विचारले जाई.

मधली सत्ता कोसळली तरी हे हिस्से मरत नाहीत. देसाई, जहागीरदार, इनामदार जागच्या जागी राहतात. नव्या सत्तेला मात्र एक गाव, एक मालक, एक खाते हवे असते. एप्रिल १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला, जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण आला आणि कंपनीने कुणाचा हिस्सा मान्य, कुणाचा रद्द, हे ठरवायला घेतले. या निवडीतून रेघ तयार झाली. ती वसुलाच्या सोयीने, तहातल्या देण्याघेण्याने, कोण निष्ठावंत आणि कोण संशयित यावरून आखली गेली. भाषेचा विचार त्यात नव्हता. १८३६ मध्ये धारवाडातून वेगळा बेळगाव जिल्हा काढला तोही कारभाराच्या सोयीसाठी.

मग ही रेघ शंभर-सव्वाशे वर्षे नुसती पडून होती का? नाही. तिच्याभोवती कचेरी, कोर्ट, रस्ता, बाजार वाढत गेला. प्रजासत्ताक आले तेव्हा ती हाताशी तयार मिळाली, म्हणून वापरली गेली. भांडण पेटते ते रेघ आखताना नव्हे. तिच्यावर पूर्वी नसलेला अर्थ चढतो तेव्हा. आपल्याकडे तो अर्थ भाषेचा होता: शाळा कुठल्या भाषेत, नोकरी कुणाला, उतारा कुठल्या लिपीत.

यातला एक धागा मराठी वाचकांना फारसा सांगितला जात नाही. पेशवाईच्या दप्तराची भाषा मराठी आणि लिपी मोडी. पेशवाई गेल्यावरही धारवाड-बेळगावकडच्या कचेऱ्यांत ती सवय काही दशके टिकली. कन्नड बोलणाऱ्या रयतेला सरकारी कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागे. १८९० मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, त्यामागे ही खंत होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेल्यावर, बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठी माणसावर कन्नड कागद वाचून घेण्याची पाळी आली. तक्रार तीच राहिली, तिचा खांदा तेवढा बदलला. हे ध्यानात ठेवले तर समोरचा माणूस एवढा का चिडतो, ते कळायला सोपे जाते.

शहापूर आणि बेळगाव यांत आता रस्ता ओलांडण्याएवढेच अंतर. तरी आजोबा सांगायचे की शहापूर ‘सांगलीत’ होते. हा काय प्रकार? (वाचक, शहापूर-बेळगाव)

आजोबा बरोबर सांगत होते. शहापूर हे सांगली संस्थानाचे. नकाशावर सांगली संस्थान एकसंध नव्हतेच: शहापूर बेळगावला खेटून, तेरदाळ आजच्या बागलकोट जिल्ह्यात, शिरहट्टी आजच्या गदग जिल्ह्यात, मंगळवेढे सोलापूरकडे. जमखंडी संस्थानाचे कुंदगोळ धारवाडच्या खाली. रायबाग कोल्हापूरचे. सांगली-जमखंडीच्या पटवर्धन घराण्याला पेशव्यांनी फौज ठेवण्यासाठी सरंजाम दिला तो सलग पट्टा म्हणून नव्हे, वसुलाचा आकडा जुळेल तशी गावे लावून. पुढे घरात वाटण्या झाल्या, सांगली-मिरज वेगळे झाले, आणि प्रत्येक वाटणीत चांगली-वाईट गावे दोघांना यावीत म्हणून तुकडे आणखी बारीक झाले. शेताच्या वाटणीत विहिरीकडचा अर्धा तुकडा दोन्ही भावांना द्यावा, तसे.

कोल्हापूरची गोष्ट थोडी निराळी. १७३१ च्या वारणेच्या तहात शाहू आणि संभाजी या चुलतभावांनी वारणा-कृष्णेची रेघ मानली आणि दक्षिणेकडचा मुलूख कोल्हापूरकडे गेला. चिकोडी-मनोळी कंपनीने आधी कोल्हापूरला दिली आणि १८२७ च्या तहात काढून घेतली. म्हणजे चिकोडी आज जिथे आहे, त्यामागे छत्रपती आणि कंपनी यांच्यातली कुरबुर आहे. चिकोडीकर कुठली भाषा बोलतात याच्याशी त्या तहाचा काडीचा संबंध नव्हता.

मार्च १९४८ मध्ये दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, पुढल्या वर्षी १ मार्चला कोल्हापूर. तुकडे जवळच्या जिल्ह्यांना जोडले गेले. शहापूर बेळगावला, मंगळवेढे सोलापूरला. हे सहज झाले, कारण दोन्ही बाजूला एकच मुंबई सरकार होते. उत्तर बंगालमधल्या कूचबिहार संस्थानाची असली बेटे, म्हणजे परक्या मुलखात अडकलेले तुकडे, मात्र १९४७ नंतर भारत आणि पूर्व पाकिस्तान यांच्यात अडकली. पलीकडे भारताची १११, अलीकडे त्यांची ५१. ती मिटायला २०१५ च्या जुलैची अखेर उजाडली. बेटे दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की एकीकडची रेघ देशाच्या आत राहिली, दुसरीकडची देशांची झाली.

कित्तूरचे बंड हे मराठ्यांविरुद्ध होते की इंग्रजांविरुद्ध? इकडे दोन्ही ऐकायला मिळते. (वाचक, बैलहोंगल)

इंग्रजांविरुद्ध, आणि कारण दत्तकाचे. देसाई शिवलिंगरुद्र सर्ज १८२४ च्या सप्टेंबरात निपुत्रिक वारले. इंग्रजांनी दत्तक नामंजूर केला. २३ ऑक्टोबरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरसमोर मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला. राणी चन्नम्मा तुमच्या गावच्या किल्ल्यात कैदेत होत्या आणि १८२९ मध्ये तिथेच वारल्या. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडला फाशी झाली.

याच्या शेजारी नरगुंद ठेवून पाहा. तिथले भावे मराठी ब्राह्मण घराणे. बाबासाहेबांनाही दत्तक नाकारला गेला. १८५८ च्या मे अखेरीस पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि जूनमध्ये बाबासाहेबांना बेळगावात फाशी दिली. एकीकडे लिंगायत देसाई, एकीकडे चित्पावन संस्थानिक; नियम एकच, शेवट एकच. चन्नम्मांना नुसत्या कन्नड अस्मितेत आणि बाबासाहेबांना नुसत्या मराठी अस्मितेत बसवणे हे विसाव्या शतकातले काम आहे. ती माणसे आपापल्या देसगतीसाठी आणि संस्थानासाठी लढली.

बाहेरच्या देशांत साम्राज्ये मोडली तेव्हा लोकांना विचारून सीमा ठरवल्याचे ऐकतो. तिथे भांडण मिटले का? आमच्याकडे मतदान का नाही? (वाचक, निपाणी)

काही ठिकाणी विचारले. निकाल मात्र कुठला तुकडा धरून मते मोजली यावर ठरला, आणि ही गोष्ट सीमाभागातल्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी अशी आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर डेन्मार्कच्या वेशीवरच्या श्लेसविगमध्ये १९२० मध्ये दोन टापूंत मतदान झाले. उत्तरेच्या टापूत १० फेब्रुवारीला. तिथे अट होती, सगळा टापू एकच घटक. सुमारे ७५ टक्के मते डेन्मार्कला पडली आणि अख्खा टापू डेन्मार्कला गेला. त्यात टोंडर आणि सोंडरबोर्गसारखी गावे होती, जिथे बहुमत जर्मनीच्या बाजूने होते. दक्षिणेच्या टापूत १४ मार्चला मतदान झाले. तिथे गावागावाची मोजणी ठरली होती, पण जवळपास ८० टक्के मते जर्मनीला गेल्याने तो टापू जर्मनीकडेच राहिला. आता टोंडरच्या जागी बेळगाव शहर ठेवा आणि टापूच्या जागी बेळगाव जिल्हा. जिल्हा घटक धरला तर एक उत्तर येते, गाव घटक धरले तर दुसरे. मते तीच.

तिथे भांडण निवले ते मतदानाने नव्हे. १९५५ मध्ये बॉन आणि कोपनहेगन सरकारांनी आपापल्या हद्दीतल्या अल्पसंख्याकांना शाळा आणि प्रतिनिधित्व देण्याची जाहीर निवेदने केली, त्यानंतर. रेघ हलली नाही; तिच्या आतला कारभार हलला.

याच्या उलट उदाहरण लोझान कराराचे. उस्मानी साम्राज्य संपल्यावर १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांचीच अदलाबदल केली. कसोटी धर्माची ठेवली. त्यामुळे अनातोलियातले तुर्की बोलणारे ख्रिस्ती, ज्यांना ग्रीक येत नव्हते, तेही ग्रीसला पाठवले गेले. घटक कोणता आणि कसोटी कोणती, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. निकालाची चर्चा त्यांच्यानंतर.

मतदान आपल्याकडे का नाही, याचे उत्तर साधे आहे: राज्यघटनेत राज्यांच्या हद्दीसाठी लोकमताची तरतूद नाही. हद्द संसद ठरवते.

महाजन आयोगाने नेमके काय केले? आणि पाटसकर तत्त्व म्हणजे काय? सभेत दोन्ही नावे रोज ऐकतो. (वाचक, बेळगाव तालुका)

क्रम लावून घेऊ. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला आणि साधारणपणे जिल्हा हा घटक धरला. त्यानुसार राज्य पुनर्रचना कायद्याने चंदगड तालुका वगळून सारा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगडचा अपवाद पाहा: जिल्हा मोडता येतो, हे त्याच कायद्याने दाखवून दिले. बिदर जिल्ह्यातूनही अहमदपूर, निलंगा, उदगीर काढून मुंबई राज्याला दिले. मग बेळगाव आणि खानापूर या मराठी बहुसंख्य तालुक्यांबाबत तोच न्याय का नाही, हा महाराष्ट्राचा प्रश्न आजही बिनतोड वाटतो. आयोगाचे म्हणणे असे की बेळगाव शहर हे जिल्ह्याचे कारभाराचे ठिकाण, ते तोडले तर उरलेल्या तालुक्यांचे काय? म्हणजे इंग्रजांनी सोयीसाठी नेमलेले ठाणेच १९५६ मध्ये युक्तिवाद बनले.

पाटसकर तत्त्व आंध्र-मद्रास सीमेवर वापरले गेले. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, आणि भाषिक बहुसंख्या. त्यावर १९५९ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९६० पासून गावांची अदलाबदल झाली. तिरुत्तणी मद्रासकडे आले. महाराष्ट्राची मागणी याच तत्त्वाची.

महाजन आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला, अहवाल १९६७ मध्ये आला. निपाणी, खानापूर, नंदगड आणि आसपासची मिळून अडीचशेच्या आगेमागे गावे महाराष्ट्राला. जत, अक्कलकोट, सोलापूरकडची जवळपास तेवढीच कर्नाटकाला. बेळगाव शहर कर्नाटकातच. महाराष्ट्राने तो फेटाळला, कर्नाटकाने ‘जसाच्या तसा लागू करा’ म्हटले. निपाणी-खानापूरकर इथे चमत्कारिक कात्रीत सापडले. अहवाल मान्य केला तर बेळगाव सोडायचे, नाकारला तर स्वतःही अडकायचे.

आयोगाचे एकमेव सदस्य मेहरचंद महाजन. सरन्यायाधीशपदाची ओळख सगळ्यांना असते. पण १९४७ मध्ये रॅडक्लिफच्या हाताखाली पंजाब सीमा आयोगावर बसलेल्या चार न्यायाधीशांपैकी ते एक होते, हे सभेत कुणी सांगत नाही. साम्राज्य आवरते घेताना पंजाबची फाळणी पाहिलेला माणूस वीस वर्षांनी आपल्या गावांच्या याद्या तपासत होता.

कारवार आणि बिदर यांचा बेळगावशी काय संबंध? महाराष्ट्राच्या एकाच दाव्यात ती कशी? (वाचक, हल्याळ)

इतिहासाने फारसा नाही. कारवारकडचा मुलूख टिपूच्या पाडावानंतर, १७९९ मध्ये कंपनीकडे आला, आधी मद्रास इलाख्यात होता, १८६२ मध्ये मुंबईला जोडला. बिदर-भालकी निजामाकडे, तिथे दरबारी भाषा उर्दू, आणि तो कारभार सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संपला. तीन वेगळ्या राज्यांचे तीन उरलेले कोपरे १९५६ च्या एका कायद्याने एका बाजूला गेले, म्हणून ते एका दाव्यात आले. कारवारात कोकणीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मराठीच्या खात्यात परस्पर टाकणे बरे नव्हे.

उद्या केंद्राने ठरवलेच, तर गावे हलवायला काय काय करावे लागेल? घटनादुरुस्ती लागते का? (विद्यार्थी वाचक, बेळगाव)

नाही. राज्यघटनेच्या कलम ३ खाली विधेयक येते. ते मांडायला राष्ट्रपतींची शिफारस हवी. संबंधित राज्यांच्या विधिमंडळांकडे ते ठरावीक मुदतीत मत देण्यासाठी पाठवावे लागते. मत विरोधी आले तरी संसदेवर ते बंधनकारक नाही. साधे बहुमत पुरते, आणि कलम ४ सांगते की ही घटनादुरुस्ती मानायची नाही. परदेशाला जमीन द्यायची तर मात्र दुरुस्ती लागते. पाकिस्तानला बेरुबारीचा भाग देण्याच्या प्रकरणात १९६० मध्ये ते ठरले आणि नववी दुरुस्ती करावी लागली.

महाराष्ट्राने २००४ मध्ये कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हद्द बदलणे हा फक्त संसदेचा अधिकार, न्यायालयाचा नव्हे, हे कर्नाटकाचे म्हणणे. आणखी एक खाच लक्षात घ्या: कलम ३६३ मुळे संस्थानिकांनी भारत सरकारशी किंवा आधीच्या इंग्रज सरकारशी केलेल्या तह-करारांवरून निघालेले वाद न्यायालयात चालत नाहीत. ‘आमच्याकडे सांगलीचा इंग्रज सरकारशी झालेला तह आहे’ हा पुरावा इतिहासाला उपयोगी, दाव्याला नव्हे.

घरी मोडी कागदांचे गाठोडे आहे. १९४८ पूर्वी गाव कुणाच्या राज्यात होते, ते कसे शोधायचे? (वाचक, रायबाग तालुका)

आजपासून मागे जा, उलटे नको. आधी पहाणी उताऱ्यावरचे गावाचे नाव आणि चतुःसीमेची चार गावे लिहून घ्या. बुद्रुक-खुर्द, आणि एकाच नावाची दोन तालुक्यांतली गावे, यात निम्म्या चुका होतात. मग १९५१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका पाहा. त्यानंतर १८८४ चे बेळगाव गॅझेटियर. त्यात जिल्ह्याचे सातच तालुके आहेत: अथणी, चिकोडी, गोकाक, बेळगाव, संपगाव, परसगड, खानापूर. संपगाव म्हणजे आजचे बैलहोंगल, परसगड म्हणजे सौंदत्ती. रायबाग त्यात दिसणार नाही, कारण ते कोल्हापूरचे. सातांत गाव सापडले नाही की संस्थानाकडे वळा. कोल्हापूरचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तर पुण्याच्या. इनाम असेल तर १८५२ च्या कायद्याखाली इनाम कमिशनपुढे दिलेली कैफियत शोधा. तिच्यात पिढ्यांची यादी मिळते.

आता तारीख. मोडी कागदावर बहुधा शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांतला अरबी आकड्यांचा सन, अक्षरी असतो. ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार: १२१८. त्यात ५९९ मिळवा, १८१७ येते. पण हे वर्ष मृगाला, जूनच्या सुमारास सुरू होते, म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेला ६०० मिळवायचे. इथे गफलत झाली की १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतरचा कागद आधीचा ठरतो. फसली, म्हणजे महसुली सन असेल तर ५९०, जानेवारीनंतर ५९१. शके असेल तर ७८, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९. शकाशेजारी संवत्सराचे नाव असते ते ताडून पाहा: शके १७४० ला बहुधान्य. नाव आणि आकडा जुळत नसेल तर नक्कल करणाऱ्याने चूक केली आहे किंवा कागद मागाहून बनवला आहे. ‘छ’ अक्षर आणि पुढे आकडा म्हणजे मुसलमानी महिन्याचा चंद्र, इंग्रजी तारीख नव्हे.

शिक्का कुणाचा ते शेवटी पाहा आणि त्यावर घाईने निष्कर्ष काढू नका. वसूल सांगलीला जात होता म्हणून गाव सांगली संस्थानात होते, असे ठरत नाही. इंग्रजी तालुक्याच्या पोटात संस्थानिकांची खासगी इनाम गावे, म्हणजे दुमाला गावे, पुष्कळ होती. पैसा एकीकडे, फौजदारी दुसरीकडे. गुन्ह्याचा किंवा कोर्टाचा एखादा कागद गाठोड्यात असेल तर तो आधी वाचून घ्या, हद्द त्यावरून लवकर कळते.

गाठोडे सोडताना घड्या उलट्या मोडू नका. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, दोन्हीने कागद कायमचा खराब होऊ शकतो. बाजूने येणाऱ्या उजेडात, शेजारी फूटपट्टी ठेवून, दोन्ही अंगांचे फोटो घ्या. मागच्या कोऱ्या वाटणाऱ्या बाजूलाच बहुतेक वेळा कारकुनाने गावाचे आणि परगण्याचे नाव लिहिलेले असते.